उष्टी बरणी

हडपसरात सर्जेराव घुल्यांच्या हातात कुणी रिकामा तांब्या देत नसे. पाणी मागितलं की पेला यायचा, तोही काठोकाठ भरलेला. कारण पोकळ आणि तोंड असलेलं काहीही हाती लागलं की हा माणूस आधी इकडं-तिकडं बघायचा आणि मग हळूच त्यात फुंकायचा. कसला आवाज येतो ते बघायला, बस्स. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूची चिमूटसुद्धा नाही, पण घागर दिसली की राहवत नाही. त्यांच्या बायकोनं, शालूनं, हे लग्नाआधीच पाहिलं होतं. मुलगी बघायला आले तेव्हा पोहे झाल्यावर नवरदेवानं रिकामं फुलपात्र तोंडाला लावलं आणि हूंऽ असा आवाज काढला. शालूच्या वडिलांना वाटलं, जावईबापूंनी ढेकर दिला. शालूला मात्र खरं काय ते कळलं होतं, आणि तरी तिनं होकार दिला. पुढं कधी वैतागली की म्हणायची, "आवो, तवाच उठून आत जायला पाहिजे व्हतं मी."

सर्जेराव मूळचे मांजरीचे, उसातले. नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात फिटरची, म्हणून बिऱ्हाड इकडं. पण नाव झालं ते भांडीकुंडी मंडळामुळं. ज्यांनी ऐंशीच्या सुमारास गणपतीत या मंडळाला ऐकलंय, त्यांना ती गुडघ्याएवढी लोणच्याची बरणी आठवत असेल. वर तपकिरी, खाली पांढरी. सर्जेराव मांडीवर घेऊन तिच्यात फुंकायचे आणि मांडवाच्या बांबूपर्यंत ती घुमायची. ही बरणी कुठली हो, असं कुणी विचारलं की सर्जेराव सांगायचे, "आमच्या आक्काची." त्यापुढं एक अक्षर नाही. आता त्यांनी नाही सांगितलं म्हणून आपण गप्प बसायचं, असं थोडंच आहे?

मंडळाचं खूळ श्रीधरचं. हा बँकेत कारकून. सदाशिव पेठ सोडून हडपसरच्या नव्या कॉलनीत राहायला आला होता, पण पेठ काही त्याच्यातून गेली नव्हती. मेंडोलिन झकास वाजवायचा आणि समोरच्याचा पाणउतारा त्याहून झकास करायचा. माधव शाळेत मास्तर, त्याच्याकडं तुणतुणं. संपतचा मंडईत भाजीचा गाळा, आणि त्याचं वाद्य म्हणजे किसणी. आईची खोबऱ्याची किसणी छातीशी धरून तिच्यावर तो चमचा असा काही खरवडायचा की पाय आपोआप हलायला लागायचे. रविवारी दुपारी सर्जेरावांच्या ओट्यावर हे चौघं जमायचे. नियम एकच होता, विजेचं बटण लागेल असं काही आणायचं नाही. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, उसाच्या तोडीवर म्हणतात ती, असलं सगळं म्हणायचे. सर्जेराव तेव्हा नुसता डबा बडवायचे.

एका रविवारी श्रीधरनं जुन्या बाजारातून एक तबकडी आणली. पाकीट नाही, मधला कागद घासून पांढरा झालेला. कोण गातंय, कुठल्या मुलखातलं, काही पत्ता नाही. माधवकडच्या रेकॉर्ड प्लेयरवर ती लावली. कुणी परदेशी माणसं मजेत गात होती, तारा छेडत होती, काहीतरी खरवडत होती. किसणीचा तो भाऊबंद संपतनं लगेच ओळखला. आणि या सगळ्याच्या तळाशी एक आवाज होता. हुंब, हुंब, हुंब. जाडा, ओलसर, जरासा हसरा. तो कशातून निघतोय ते मात्र कुणालाच सांगता येईना.

"बिगुलाचा थोरला भाऊ असणार," माधव म्हणाला.

"म्हैस हाय," संपत म्हणाला.

"म्हैस इतकी तालात नसते," श्रीधर म्हणाला. "ती फार तर तुझ्या किसणीला साथ करेल."

तबकडी संपली तशी सर्जेरावांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. शेवटी म्हणाले, "ह्यो आवाज मी ऐकलाय."

"कुठे?"

"ते आठवंना. पण ऐकताना नाकात हिंगाचा वास येतोय."

श्रीधरनं तबकडी उचलली, नाकाशी धरली आणि गंभीरपणे म्हणाला, "जुन्या बाजारवाल्यानं फोडणी घालून दिलेली दिसतेय."

सगळे हसले. सर्जेरावही हसले, पण त्यांना काही चैन पडेना. आवाज कानातून आत जातो आणि वास नाकात कसा काय येतो? कारखान्यात मशिनवर उभे असताना हेच डोक्यात. त्या दिवसापासून त्यांच्या फुंकण्याला काही धरबंधच उरला नाही. पितळी घागरीचा आवाज फार टणक निघाला. माठ ओला, त्याच्यात सूर मुरूनच जायचा. रॉकेलचा डबा कोकलायचा. काचेची बाटली नुसती शिट्टी मारायची. तांबट आळीत जाऊन ते एका हंड्यात वाकले, तेव्हा दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "घ्यायचाय की फुंकायचाय? तोंड लावलेलं भांडं आम्ही विकत नाही. आता तो तुमचा." सर्जेराव गुपचूप हंडा घेऊन घरी आले. शालूनं हंड्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

पण उलगडा तिच्यामुळंच झाला. लिंबाच्या लोणच्याची वीतभर बरणी तिनं धुऊन पालथी घातली होती. सर्जेरावांनी सवयीनं उचलून फुंकली, आणि हुंब! अगदी तोच आवाज, फक्त पोरवयाचा. त्यांच्या अंगावर काटा आला. म्हणजे गाव सापडलं होतं, आता घर शोधायचं राहिलं. मोठी बरणी पाहिजे. आणि मोठी बरणी म्हटल्यावर घुल्यांच्या भावकीत दुसरं नाव निघणंच शक्य नव्हतं.

मथुराबाई म्हणजे सर्जेरावांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा सर्जेराव पाळण्यात होते. चुलतीच्या हाताखाली राबत या परकरी पोरीनं भावाला वाढवलं. पुढं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि ती मांजरीला माहेरीच परत आली ती कायमची. मधला भाऊ भैरू शेती बघायचा, त्याची बायको शकू चूल बघायची, आणि आक्का त्या दोघांकडं बघायची. सगळ्या भावकीचं वर्षाचं लोणचं आक्काच्या हातचं, आईच्या त्या मोठ्या बरणीत पडायचं. कार्य कुणाचंही असो, पानाच्या डाव्या बाजूला आक्काचं लोणचं पाहिजेच. आणि बरणीचा तिचा सोस विचारू नका! ओला हात नको, सावली नको, पोराटोरांचा वारासुद्धा नको. जुनं लोणचं काढलं की त्याच दिवशी धुऊन, उन्हात वाळवून, निखाऱ्यावर हिंग टाकून बरणीला धुरी द्यायची आणि संध्याकाळच्या आत नवं लोणचं भरायचं. त्या दिवशी पुरुषमाणसानं अंगणात फिरकायचं नाही. त्यामुळं त्याच घरात लहानाचे मोठे होऊनही सर्जेरावांनी ती बरणी कधी रिकामी पाहिलीच नव्हती. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं.

वैशाखात कैऱ्यांचं पोतं पोचवायचं निमित्त काढून ते मांजरीला गेले. अंगणात भावकीतल्या बायका अडकित्त्यानं कैऱ्या फोडत होत्या. ओट्यावर बरणी होती, नुकतीच धुरी दिलेली. हिंगाचा वास आला आणि सर्जेरावांचे पाय तिकडं वळले. आपण काय करतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पोतं खाली टाकलं, बरणीवर वाकले आणि फुंकलं.

हुंबऽ.

तबकडीतला आवाज तो. तंतोतंत. वासासकट. सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मान वर केली तर सगळे अडकित्ते थांबलेले. दारात आक्का उभी होती, तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"उष्टी केली," एक बाई पुटपुटली.

"व्हय," आक्का म्हणाली. "उष्टी केली त्यानं." एवढं बोलून तिनं बरणी उचलली, आतल्या कोठीत नेऊन ठेवली आणि दाराला कडी घातली.

आपल्याकडं तोंड लागलेल्या भांड्याला काही उपाय नाही, हे काय सांगायला पाहिजे? त्या साली आक्कानं लोणचं घातलं नाही. कुणी आपापलं घातलं, कुणाचं बुरसलं, कुणाचं कडवट झालं. लग्नाच्या पंगतीत सर्जेराव दिसले की म्हातारे पानाच्या डाव्या बाजूकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "वाजवा आता हितं." एरवी ज्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, तेही बोलून घ्यायला लागले. हे सगळं सर्जेरावांनी सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते आक्काचं. ती त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली. ते मांजरीला गेले की शकूला सांगायची, "त्याला म्हणावं च्या घे." समोर बसलेल्या भावाकडं बघायचीसुद्धा नाही. ज्या बाईनं आईच्या मागं आई व्हायचं, तिनं असं करावं? सर्जेरावांनी फुंकणं सोडलं. तांब्या दिसला की नजर फिरवायचे. शालूनं एकदा मुद्दाम रिकामी कळशी पुढ्यात ठेवून पाहिली, तर उचलून मोरीत ठेवून आले. त्या दिवशी तिला खरी काळजी वाटली.

गणपतीत मंडळाचा कार्यक्रम झाला, पण तळच नव्हता गाण्याला. संपतनं पिंप बडवून पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कशा, तर मुलाला नापास झाल्यावर पेढा देतात तशा. मग श्रीधरनं ठरवलं की आपण स्वतः मांजरीला जाऊन बाईंना पटवायचं. इस्त्रीचा शर्ट घालून गेला, ओट्यावर बसला आणि आपल्या शुद्ध भाषेत सुरू झाला. "मथुराबाई, आपण विचार करा. उकळत्या पाण्यानं बरणी धुतली की उष्टं वगैरे काही उरत नाही. आणि उरतं म्हणत असाल, तर मग ती आपल्या उपयोगाची नाही. दोन्हींकडून ती सर्जेरावांना द्यायला हरकत नसावी."

आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सायेब, तुमी बँकेत असता न्हवं? तितंबी लोकांच्या ठेवी अशाच मागून नेता का?"

श्रीधर परत आला आणि मेंडोलिनची तार पिळत म्हणाला, "बाईंना पेठेत राहायला हवं होतं." त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

भाऊबीजेला सर्जेराव शालूला घेऊन मांजरीला गेले. पाट मांडला होता, रांगोळी होती. आक्कानं कुंकू लावलं, ओवाळलं, लाडू पुढं केला. पण तोंडातून शब्द नाही. परतीच्या बसमध्ये सर्जेरावांना रडू आलं. शालूनं पदर पुढं केला आणि म्हणाली, "आवो, एक नवी बरणी घिऊन द्या त्यास्नी. तेवढीच मोठी. जुनी राहू द्या तिकडंच. तुमास्नी बरणी पायजे का आक्का?"

"आक्का," सर्जेराव म्हणाले. जराही विचार न करता.

मार्गशीर्षात रजा काढून ते रविवार पेठेत गेले. दुकानात गुडघ्याएवढ्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. एकीतही फुंकलं नाही, नुसत्या टिचक्या मारून पाहिल्या. दुकानदार म्हणाला, "फुटकी नाही हो. फुटकी असती तर तुम्हाला दाखवली नसती, शेजाऱ्याला विकली असती." स्वारगेटवर बसमध्ये चढले, तर कंडक्टर बरणीकडं बघून म्हणाला, "या बाईंचं तिकीट कुणी काढायचं?" सर्जेराव सगळा रस्ता ती मांडीवर धरून बसले.

मांजरीला पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती. शिवारात उसाची तोड आली होती, घरात कुणी दिसेना. अंगणात कोंबड्या तेवढ्या. ओट्यावर नवी बरणी टेकवली, आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

हुंब. जरा थांबून, हुंब. पुन्हा थांबून, हुंब. तबकडीसारखा नाचरा नाही, सावकाश, एका लयीत, पाळण्याला झोका द्यावा तसा.

सर्जेराव जागच्या जागी उभे राहिले. आत निखारा नव्हता, धुरी नव्हती, तरी नाकात हिंग. पायतण काढून ते कोठीच्या दारापर्यंत गेले. कणगीच्या शेजारी आक्का बसली होती, बरणी मांडीवर, डोळे मिटलेले, ओठ काठाला लावलेले. ती शिस्तीत वाजवत होती, नवशिक्यासारखी नाही.

"आक्का," ते म्हणाले.

आक्का दचकली. बरणी लपवायला पदर ओढला, पण गुडघ्याएवढी बरणी पदरात मावते होय? मग तिनं हात खाली सोडले आणि वैशाखापासून पहिल्यांदा भावाशी बोलली. "बस, सर्जा."

ते बसले. "कवापासनं वाजवतीस?"

"तू पाळण्यात व्हतास तवापासनं." आक्कानं बरणीच्या पोटावरून हात फिरवला. "आई गेली. तू सारखा रडायचास. दूध पाजलं तरी रडायचास. चुलती म्हनायची, त्या कारट्याला माझ्या कानामागनं न्हे. मी तुला घिऊन हितं बसायची. एक डाव ही बरणी धुरी दिऊन हितं ठिवली व्हती. तू रडतुयास, मला काय सुचंना. म्हनलं, फुंकून तर बघू, आत आई बोलती का. लहानच व्हते मी. फुंकलं, आन् तू गप. थांबले की परत रडं, फुंकलं की गप. फुंकता फुंकता निजलास."

सर्जेराव पुढं सरकले. "मग?"

"मग काय? चुलतीनं त्याच दिशी तिच्यात लोणचं घातलं. उष्टी हाय म्हून कसं सांगू? चामडी लोळवली असती माझी. समद्यांनी वर्सभर खाल्लं. पुढल्या सालीबी धुरी दिली की तेवढ्यात चोरून फुंकायची. तू चालाया लागलास तवा थांबले." तिनं बरणी मांडीवरून खाली उतरवली. "त्या दिशी तू फुंकलीस, आन् मला वाटलं, बरणीच बोलली आता समदं. चारचौघीत ती बाई उष्टी म्हनली, आन् माझ्याबी तोंडातनं गेलं, उष्टी केली त्यानं. माझं पाप तुझ्या डोईवर घातलं म्या, सर्जा. मग तुझ्याशी बोलू कंच्या तोंडानं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. जन्मभर बरणीला सावली लागू दिली नाही, ती या धाकानं! सर्जेराव आधी हसायला लागले, मग रडायला, आणि आक्काही तसंच. सगळ्या भावकीनं, त्या बोटं दाखवणाऱ्या म्हाताऱ्यांसकट, इतकी वर्षं उष्ट्या बरणीतलं लोणचं मिटक्या मारत खाल्लं होतं. पुढल्या वैशाखात आक्कानं नव्या बरणीत लोणचं घातलं, जुनी मंडळाला दिली. तर भावकीतली हीच माणसं अजून कुरकुरतात, "आक्का, लोणचं ब्येस हाय, पर पहिल्या बरणीची चव न्हाई." आक्का मान डोलावते आणि म्हणते, "व्हय. ती बरणीच येगळी व्हती."

पण ते पुढचं. त्या दुपारी डोळे पुसून झाल्यावर सर्जेराव म्हणाले, "आक्का, अजून एक डाव फुंक की."

"येडा का खुळा तू? घोडा झालास."

"फुंक गं."

आक्कानं बरणी जवळ ओढली. हुंब. थांबून, हुंब. चाळिशी उलटलेला तो फिटर कणगीला पाठ टेकून ऐकत राहिला. हा सूर कसा निघतो, ओठ कुठं टेकवते, श्वास कुठं घेते, सगळं नीट बघून ठेवायचं असं त्यानं ठरवलं होतं. मंडळात सांगायला पाहिजे होतं ना! पण बघता बघता मान कलली.

शकू रानातून भाकरीचं फडकं न्यायला आली. ओट्यावरची नवीकोरी बरणी पाहून कोठीत डोकावली, तर आक्का जुन्या बरणीला तोंड लावून बसलेली. शकूचे डोळेच विस्फारले. "आक्का, आवो तुमी ह्ये—"

आक्कानं काही लपवलं नाही. ओठ काठापासून जरासे उचलले आणि म्हणाली, "हळू बोल. आत्ताच निजलाय."